मोहिते काकूंचं पिवळं डबडं

मोहिते काकू आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या थर्मामीटर घेऊन. २००१ चा डिसेंबर होता. मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये घर घेऊन आम्हाला सहा आठवडे झाले होते. चार वर्षांची मृण्मयी तापानं फणफणली होती आणि आमचा थर्मामीटर सामानाच्या कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नव्हतं. वैदेही शेजारी मागायला गेली, तर तिच्या पाठोपाठ काकूच आल्या. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, पांढऱ्या केसांची घट्ट गाठ, साडीवर पुरुषी कोट आणि पायात बर्फाचे बूट. त्यांनी थर्मामीटर झटकला आणि मृण्मयीच्या ऐवजी स्वतःच्याच तोंडात घातला.

आम्ही बघत राहिलो. तीन मिनिटं घड्याळ लावून झाल्यावर त्यांनी तो काढून दिव्याखाली वाचला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. माझा तेवढाच असतो. म्हणजे हा खरं बोलालाय." मग स्पिरिटनं स्वच्छ पुसून तो मृण्मयीच्या काखेत लावला.

"बाबा, इज शी सिक टू?" मृण्मयीनं विचारलं.

"नाही गं बाळ," काकू म्हणाल्या, "ह्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी ह्याला ओळखीचा प्रश्न विचारला."

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. तिकडच्या जुन्या बायकांसारखं 'मी येतो', 'मी बघतो' असं बोलायच्या आणि पस्तीस-चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही त्यात तसूभर फरक पडला नव्हता. डेट्रॉइटजवळच्या एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. तिथली पद्धत अशी, की सकाळी पेशंटचं रक्त यंत्रात घालायच्या आधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना घालायचा. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच पुढचं काम. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. स्वयंपाकघरात नवा वजनकाटा आणला की आधी एक पौंडाचं लोण्याचं पाकीट त्यावर ठेवणार. नवा डॉक्टर भेटला की त्याला आधी असा प्रश्न विचारणार, ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक आहे. माझं कंपनीतलं काम मोटारींच्या सुट्या भागांची मापं आणि ती मोजणारी यंत्रं तपासण्याचं. तेव्हा आमचं जमायला वेळ लागला नाही.

काकू शिकार करायच्या. हे आम्हाला त्याच महिन्यात कळलं, कारण त्यांच्या गराजचं दार उघडं होतं आणि आत एक हरिण टांगलेलं होतं. वैदेही घाबरून घरात आली. आम्ही शाकाहारी. दुसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या, हातात लाल भोपळा.

"मटणाचा डबा तुमच्याकडं आणत नाही. घर बघून वाटा करतो मी. ह्याचं भरीत कर."

मोहिते काका फौंड्रीत इंजिनिअर होते. सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जाता जाता त्यांनी मिशिगनच्या वरच्या भागात, मोठा पूल ओलांडून पलीकडे, चाळीस एकर जंगल आणि त्यातली एक लाकडी खोली घेतली होती. काकू तिला खोप म्हणायच्या. सुरुवातीला त्या नुसत्या स्वयंपाकाला जायच्या. नंतर परवान्यासाठी लागणारा बंदुकीच्या सुरक्षिततेचा वर्ग त्यांनी पुरा केला. "नेम त्यांच्यापेक्षा माझा चांगला होता," असं त्या काकांच्या देखत सांगायच्या आणि काका मान डोलवायचे. हरिण पडलं की बाटलीतलं चार थेंब पाणी त्याच्या तोंडात घालायच्या. "शेवटचं पाणी कुणाला चुकू नये," एवढंच म्हणायच्या. त्यावर चर्चा नाही.

२००४ साली काका हृदयविकारानं गेले. पुढचं वर्ष काकू वर खोपीकडं गेल्या नाहीत. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं, की यंदा जाणार आणि एकट्या जाणार. त्यांचा मुलगा विश्वास कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत होता. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होतो आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून हे संभाषण मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"आई, यू आर सिक्स्टी-फोर! तिथे सेलफोनचा सिग्नलसुद्धा नाहीये. रस्ता चुकलीस तर? बाबा पण एकदा चुकले होते."

"बाबा दरवर्षी चुकायचे. एकदा कबूल केलं, इतकंच."

"मी जोक करत नाहीये. ती जमीन विकून टाकू या. विक्रीला लिस्ट करतो मी."

काकूंनी गॅस बंद केला. "हे बघ विश्वास. दहा दिवस. रोज संध्याकाळी सातच्या आत नाक्यावरच्या दुकानातनं तुला फोन करतो. एकदा जरी सात वाजून गेले आणि फोन आला नाही, तर तू जमीन वीक. मी सही करतो. पण दहाच्या दहा फोन आले, तर ह्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही."

मग विश्वास म्हणाला, "आणि जीपीएस घ्यायचा. हातातला. प्रॉमिस?"

"घेतो की. पण मी निवडणार."

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "नळ राहू दे. तुझा तो तक्ता असतोय बघ, चौकटीचौकटीचा, तो काढ."

मी तक्ता केला. तेव्हा बाजारात मिळणारी तीन यंत्रं, आणि वजन, बॅटरीचे तास, पडदा, नकाशा, साठवता येणाऱ्या जागांची संख्या, दिशादर्शक, उपग्रहांचे सिग्नल पकडायची ताकद अशा सात निकषांना गुण. रंगीत पडद्याचं, आत नकाशा असलेलं यंत्र सरळ पहिलं आलं. काळ्या-पांढऱ्या पडद्याचं, पिवळ्या रबराच्या कडा असलेलं, साबणाच्या वडीएवढं जाड यंत्र शेवटचं आलं. काकूंनी तक्ता चष्मा लावून वाचला. मग पेन्सिलीनं उजवीकडं पाच रकाने आखले: हातमोजे, बिनचष्म्याचं, फ्रीजर, पडलं तर, झाडाखाली.

"तुझे गुण खोक्यावर छापलेल्या आकड्यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या हातातले अजून यायचेत."

दुकानात मी बरोबर होतो. विक्रेता हसतमुख होता. त्यानं माझ्याकडं बघत बोलायला सुरुवात केली. मी काकूंकडं बोट दाखवलं. तेव्हा त्यानं अदबीनं विचारलं, की हे त्यांच्या मिस्टरांसाठी आहे का.

"माय हजबंड इज डेड," काकू म्हणाल्या. "द डीअर आर नॉट."

त्यांनी तिन्ही यंत्रं घेतली आणि घेतानाच सांगितलं, की मी ही घरी तपासणार, दोन परत आणणार, आणि ती ओरखडा न पडता आणीन. तिसरं आपटून बघणार आहे, पण ते मी ठेवणार आहे. तो त्यांच्याकडं बघतच राहिला.

पुढचे दोन आठवडे आमच्या गल्लीनं ही परीक्षा बघितली. काकांचे चामड्याचे हातमोजे घालून काकू आवारात फिरायच्या आणि बटणं दाबायच्या. रंगीत यंत्राला मधोमध एक इवलीशी दांडी होती. हातमोजा घालून ती दांडी खाली दाबली की उजवीकडं सरकायची आणि उजवीकडं सरकवली की दाबली जायची. "ह्याला नाजूक हात लागतात. नवरीमुलगीच आहे." बिनचष्म्याच्या परीक्षेत तिचे रंगीत नकाशे सुंदर दिसले, पण आकडे मुंगीएवढे. पिवळ्याचे आकडे बोटभर.

फ्रीजरची परीक्षा मी स्वतः वेळ लावून घेतली. गराजमधला मोठा फ्रीजर, उणे अठरा सेल्सिअस, गोठवलेल्या मटाराच्या पाकिटांच्या मध्ये तिन्ही यंत्रं चालू करून ठेवली आणि दर अर्ध्या तासानं झाकण उघडून नोंद केली. दीड तासात दुसऱ्या नंबराचं यंत्र बंद पडलं. अडीच तासांनी रंगीत पडद्यावरची अक्षरं तुपात बुडाल्यासारखी सावकाश हलायला लागली. पिवळं चार तासांनंतरही चालू होतं.

"माधव," काकू म्हणाल्या, "शेवटच्या नंबराचा मुलगा पास झाला."

"पण काकू, त्याच्यात नकाशाच नाही."

"नकाशा मला पाठ आहे. मला एवढंच हवंय, की अंधार पडायला लागला, बर्फ सुटलं आणि डोळ्यांनी दगा दिला, तर दार कुठल्या बाजूला आणि किती लांब. दोन आकडे. ते दोन आकडे जे यंत्र थंडीत, हातमोज्यात, चष्म्याशिवाय देईल, ते माझं."

मग त्यांनी ते ओट्यावरून खाली टाईल्सवर दोनदा टाकलं आणि उचलून पर्समध्ये ठेवलं. त्याचं नाव पिवळं डबडं असं पडलं.

माझ्या वाट्याला शेवटचं काम आलं. काकांच्या डायरीत जमिनीच्या मोजणीचे कागद होते. त्यात चार जागांचे अक्षांश-रेखांश त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवले होते: खोप, मचाण, ओढ्यावरचा पूल आणि रस्त्याचं फाटक. "आकड्यांचा माणूस तू. घाल ते," असं म्हणून काकूंनी डायरी माझ्याकडं दिली. एका रविवारी मी चारही जागा यंत्रात भरल्या, दोनदा ताडून बघितल्या आणि डायरी परत केली. १३ नोव्हेंबरच्या सोमवारी सकाळी काकू शिकाऱ्यांची केशरी टोपी घालून पिकअपमधून निघाल्या. शिकारीचा मोसम पंधरा तारखेला सुरू होतो.

बुधवार, १५ तारीख. दुपारी दोनच्या सुमाराला कंपनीत एक ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं. त्यात एका खाचेचा कोन बारा अंश तीस मिनिटं असा दिलेला होता आणि पुरवठादारानं यंत्रात बारा पॉइंट तीस घालून दोनशे नग चुकीचे कापले होते. अर्धा अंश म्हणजे पॉइंट पाच. साठाचा हिशेब शंभराचा समजून केलेली ही चूक आमच्या धंद्यात नवशिकेच करतात. शेरा लिहिता लिहिता माझा हात थांबला.

काकांच्या डायरीत अंश, मिनिटं आणि सेकंद होते. यंत्राच्या पडद्यावर अंश, मिनिटं आणि मिनिटाचे दशांश. खोपीचा अक्षांश मला आजही आठवतो: सेहेचाळीस अंश, एकवीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे मिनिटाचा पॉइंट आठ. मी घातलं होतं पॉइंट अठ्ठेचाळीस. दोनदा ताडून बघितलं होतं, पण दोन्ही वेळा अंक ताडले होते, एकक नाही.

मी कागदावर गणित केलं. फरक जवळजवळ सहाशे मीटरचा. खोपीच्या दक्षिणेला. आणि खोपीच्या दक्षिणेला काय आहे ते काकूंनी मला अनेकदा सांगितलं होतं. सीडरच्या झाडांची दलदल, जिथं दिवसासुद्धा चारही बाजू सारख्या दिसतात.

मी घरी आलो. वैदेहीला सांगितलं. ती म्हणाली, "विश्वासला फोन कर."

"विश्वासला सांगितलं तर तो तिथल्या पोलिसांना कळवेल. मग जमीन गेली. आणि चूक माझी आहे, त्यांची नाही."

"जमीन गेली तर जाऊ दे. माणूस गेलं तर?"

काकूंनी नाक्यावरच्या दुकानाचा नंबर आमच्याकडं ठेवला होता, तो मी लावला. म्हाताऱ्या दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, की मिसेस मो काल आणि परवा संध्याकाळी फोन करून गेल्या, ठणठणीत होत्या. आज अजून आलेल्या नाहीत. आता इथं बर्फ पडायला लागलंय. साडेसहापर्यंत आल्या नाहीत तर मी माझ्या दोन मुलांना घेऊन वर जाईन. मी ठरवलं, साडेसहा. सहा एकतीसला विश्वासला मी स्वतः फोन करीन आणि जे घडलं ते सगळं सांगीन.

साडेपाच. सहा. मृण्मयी गृहपाठ घेऊन माझ्यासमोर बसली होती. सहा सतराला फोन वाजला.

"काय रे, दुकानदार सांगालाय तू फोन केलतास म्हणून. विश्वासला आत्ताच करून झाला. काय झालं?"

मी सगळं एका दमात सांगितलं. साठ, शंभर, सहाशे मीटर, दलदल. मग काकू खो खो हसायला लागल्या.

"अरे, ते सोमवारीच कळलं की मला. खोपीच्या दारात उभी राहून डबडं चालू केलं आणि विचारलं, घर कुठं आहे? ते म्हणतं, पाऊण हजार पावलं खाली, दलदलीत. मी म्हटलं, मी दारात उभी आहे, तर दार खाली कसं असंल?"

"तुम्ही... तपासलंत?"

"चौतीस वर्षं कंट्रोल लावल्याशिवाय कुणाचं रक्त तपासलं नाही. तुझे आकडे तसेच घेईन काय? उंबऱ्यावर उभी राहून नवीन खूण केली, त्याला 'दार' नाव दिलं. मंगळवारी मचाण, पूल, फाटक सगळीकडं पायानं जाऊन नवीन खुणा केल्या."

"मग मला कळवायचं नाही का, काकू!"

"तुला कळवलं असतं तर तू रात्रभर झोपला नसतास. आणि विश्वासला कळलं असतं तर त्याला बोलायला मिळालं असतं." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "आज मात्र डबड्यानं राखलं हं. साडेतीनला एक नर पडला असं वाटलं, पण तो उठला आणि खाली दलदलीत गेला. रक्ताच्या मागानं गेलो. जखमी सोडून यायचं नसतं. तो सापडला, पाणी घातलं त्याला. आणि मान वर केली तर बर्फ सुटलेलं. आलेली पावलं बुजलेली. चारी बाजूंना एकच झाड. चष्मा भिजून निकामी. हातमोजा काढायची सोय नाही, बोटं गेली असती. दाराची खूण लावली. बोटभर आकडे. ते कमी कमी होत गेले, मी चालत गेलो. सरळ दारात."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"माधव? तुझ्या आकड्यावर चाललो असतो, तर आज दलदलीत संसार मांडला असता. आता जेव."

दहाच्या दहा फोन वेळेवर झाले. परत आल्यावर काकूंनी डबडं माझ्या हातात दिलं. जागांच्या यादीत मी भरलेल्या तीन जागा पुसलेल्या होत्या. चौथी, दलदलीतली, ठेवलेली होती. तिचं नाव बदलून त्यांनी MADHAV केलं होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "दलदलीत तुझं पण एक घर आहे."

पुढच्या रविवारी मी विश्वासला फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. ते मला सांगायलाच हवं होतं. तो म्हणाला, "सो युअर नंबर्स वेअर राँग, आणि आईनं ते पकडलं?" मी हो म्हटलं. "ओके," तो म्हणाला. जमीन विकायची गोष्ट त्यानंतर त्याच्या तोंडून निघाली नाही. २००७ साली तो स्वतः चार दिवस वर जाऊन आला. काकूंचं म्हणणं, दोनदा चुकला, एकदा कबूल केलं.

त्या वर्षापासून काकूंनी एक नवी रीत सुरू केली. निघायच्या सकाळी आमच्या टपालपेटीच्या खांबाशी उभं राहायचं आणि डबड्यावरचे आकडे वाचायचे. पहिल्या वर्षी टपालपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं ते लिहून ठेवले. दुसऱ्या वर्षी त्याच्याशी ताडायचे. मी विचारलं, आमचीच पेटी का. "तुझी पेटी सिमेंटात रोवलेली आहे. माझी पेटी बर्फ ढकलणाऱ्या स्नोप्लाऊच्या धक्क्यानं दरवर्षी हलते."

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. विश्वासनं कळवलं तेव्हा आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला होतो. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या २००८ च्या नोव्हेंबरातल्या सकाळी. त्या सुमाराला माझ्या कंपनीनं आमचा सगळा विभाग बंद केला होता. हर्नडनला नोकरी मिळाली होती, आणि आमच्या अंगणात 'विक्रीसाठी' अशी पाटी लागली होती. आदल्या संध्याकाळी काकूंना मी हे सांगितलं होतं. त्या ऐकत ऐकत शिकारीचं सामान बांधत होत्या.

सकाळी सातला पिकअप आमच्या दारात थांबला. केशरी टोपी, काकांचे हातमोजे. त्या उतरल्या आणि विक्रीच्या पाटीला वळसा घालून टपालपेटीशी गेल्या. डबडं आकाशाकडं धरून उभ्या राहिल्या. त्यांची घाई नव्हती. उपग्रह सापडायला लागतो तेवढा वेळ त्यांनी जाऊ दिला. मी आणि वैदेही जाळीच्या दारामागं उभे होतो. मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला, पेटीचं दार उघडलं, आतले आकडे वाचले, डबड्यावरचे वाचले. पुन्हा एकदा वाचले. पेटी बंद केली आणि आमच्याकडं न बघताच मोठ्यानं म्हणाल्या:

"माधव, तुझं घर जागेवर आहे. येतो मी."